एकोणीस नावं शाईनं, चार पेन्सिलीनं

पत्र थोडक्यात असं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

«आम्ही इंदूरचे, तीन पिढ्यांपासून इथेच. सांवेर रोडवर आमचं पुठ्ठ्याचे खोके बनवायचं युनिट आहे. नमकीनवाले आणि औषधांचे छोटे कारखाने आमचे गिऱ्हाईक. यजमान मशीन आणि माल बघतात, मी हिशेब, पगार आणि हजेरी. मस्टरवर १९ नावं आहेत. दिवाळीपासून, म्हणजे आठ महिने झाले, पेस्टिंगला चार मुलं जास्तीची लागतात. ती ठेकेदाराच्या नावानं येतात, त्यांची हजेरी मी मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिते. आता एका मोठ्या फूड कंपनीचं काम येतंय. आणखी सहा माणसं लागतील. माल, वीज, मजुरी जाता महिन्याला पावणेदोन लाख उरतील असा अंदाज आहे. पण त्यांना पीएफ-ईएसआयची चलनं हवीत, आणि पैसे ९० दिवसांनी देणार. आमचे सीए म्हणतात, शेडमध्ये पार्टिशन घाला, वहिनींच्या, म्हणजे माझ्या, नावानं दुसरी फर्म काढा, दोन्हीकडे माणसं वीसच्या आत ठेवा आणि कंपनीला ‹पीएफ आम्हाला लागू नाही› असं पत्र द्या. सासरे हुकुमचंद मिलमध्ये होते. ते म्हणतात, माणसं वाढवली की कायदा मागे लागतो, आहे तेवढ्यात सुखी राहा. कामगारांना विचारलं तर पगारातून काही कापलेलं त्यांना नकोय. मागच्या पावसाळ्यात पंचिंग मशीनवर एका मुलाची दोन बोटं गेली, तो खर्च आम्हीच केला. फर्मवर सही माझी लागणार आहे, म्हणून विचारते. सही करू का? की ऑर्डरच सोडून द्यावी?»

नमस्कार ताई,

सही करू नका. बाकी सगळं सावकाश बोलू, पण सीए कागद घेऊन घरी येतील त्याआधी एवढं तुमच्यापर्यंत पोचायला हवं.

ऑर्डर मात्र लगेच सोडू नका. तुमच्या पत्रात दोनच वाटा आहेत: खोटी फर्म काढून मोठं व्हायचं, नाहीतर खरी फर्म ठेवून लहान राहायचं. तिसरी वाट, म्हणजे एकाच फर्ममध्ये २९ च्या २९ नावं शाईनं लिहून हे काम घ्यायचं, तिचा हिशेब घरात कुणी मांडलेलाच दिसत नाही. पालदा, पीथमपूर अशा आसपासच्या औद्योगिक भागांतून मला अशी पत्रं अधूनमधून येतात. त्यांतही ही वाट न मोजताच सोडून दिलेली असते.

आधी त्या १९ बद्दल. तुमच्या घरात हा आकडा सुरक्षित धरला गेलाय. वीस झाले की कायदा, एकोणीसपर्यंत काही नाही. हे खरं नाही. किमान वेतन पहिल्या माणसापासून लागतं. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, दहा माणसांपासून लागतात. म्हणजे तुमच्याकडे दहावा माणूस आला, त्या दिवसापासूनच ही दोन्ही खाती उघडलेली आहेत, तुम्ही चलन भरा वा न भरा. वीसला जो येतो तो मुख्यतः पीएफ आणि बोनस. पीएफसाठी माणसं मोजताना ठेकेदाराकडून आलेलेही धरले जातात. तुमच्या शेडमध्ये, तुमच्या मशीनवर, तुमच्या सांगण्यावरून काम करणारा मुलगा तुमचाच. मस्टरवर १९ असले तरी दिवाळीपासून तुमच्याकडे २३ माणसं आहेत, म्हणजे पीएफ तुम्हाला तेव्हापासूनच लागू आहे. एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही. म्हणून त्या चार मुलांना उद्या काढून टाकणं हाही उपाय नव्हे. ते अन्यायाचं होईल ते वेगळंच.

कारखाना कशाला म्हणायचं ही रेघ वेगळी आहे. १९४८ च्या कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी ती दहा माणसांवर होती. चार नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत मुरले, आणि ही रेघ वीसवर गेली, बिनविजेच्या ठिकाणी चाळीसवर. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणंही आता बंधनकारक आहे. राज्याचे नियम येतील तसे बारकावे बदलत राहतील. म्हणून जो काही सल्ला घ्याल तो तारीख घालून लेखी घ्या.

आता बोटांबद्दल. हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मला तिथेच थांबावंसं वाटतं. तुम्ही उपचाराचा खर्च केलात, त्यात तुमचा चांगुलपणा आहे. पण त्या मुलाला पुढच्या आयुष्यात दोन बोटं कमी आहेत. ईएसआय असता तर नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलात उपचार झाले असते, रजेच्या दिवसांत पगाराच्या ९० टक्के दरानं भत्ता मिळाला असता, आणि कायमच्या अपंगत्वासाठी जन्मभर थोडीफार रक्कम येत राहिली असती. तुमच्याकडचा सरासरी पगार १४,००० धरते. ईएसआयमध्ये मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे माणशी ४५५ रुपये, आणि कामगाराचा ०.७५ टक्के, म्हणजे १०५. उलट बाजू बघा. ईएसआय नसताना कामावर माणूस दगावला, तर १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या सूत्रानं ३० वर्षांच्या, १४,००० पगाराच्या माणसासाठी सुमारे साडेचौदा लाख मालकाला द्यावे लागतात. पंचिंग मशीन तुमच्याकडे रोज चालतं. महिन्याचे ४५५ रुपये वाचवून तुम्ही ही जोखीम डोक्यावर घेतलीय, आणि ती कुणी तुम्हाला समजावून सांगितलेली दिसत नाही. ईएसआयची नोंदणी या आठवड्यात करा, ऑर्डर येवो न येवो. आणि त्या मशीनला गार्ड बसवून घ्या.

पार्टिशनचा सल्ला जुना आहे, आणि तो देणारे सगळे लबाड असतात असं मी म्हणणार नाही. आपल्या अशिलाला त्रास कमी व्हावा हाच हेतू असतो. पण सर्वोच्च न्यायालयानं १९५९ साली असोसिएटेड सिमेंटच्या खटल्यात एक कसोटी सांगितली, ती आजही वापरतात: मालकी, व्यवस्थापन, पैसा, माणसं आणि काम एकमेकांत गुंतलेलं आहे का? तुमच्या शेडची कल्पना करा. क्राफ्ट पेपरचे रील एकाच कोपऱ्यात उतरणार. कोरुगेशन पार्टिशनच्या अलीकडे, पेस्टिंग पलीकडे. विजेचं मीटर एक. पाच वाजता ट्रक भरायला दोन्हीकडची मुलं एकत्र येणार. आणि दोन्ही मस्टरवर अक्षर तुमचंच असणार. हे बघायला येणाऱ्या माणसाला कायद्याची पदवी लागणार नाही. दोन्ही फर्म एक धरल्या गेल्या, की मागची सगळी बाकी, तिच्यावर वर्षाला १२ टक्के व्याज, शिवाय दंडाची रक्कम, आणि एका फर्मची मालक म्हणून नोटीस तुमच्या नावावर. कंपनीला दिलेलं «लागू नाही» हे पत्र तेव्हा तुमच्याविरुद्धचा पुरावा होईल.

यात मला जास्त खटकतं ते हे, की तुम्ही इतकी वर्षं हिशेब सांभाळताय, आणि तुमचं नाव कागदावर येतंय ते माणसं लपवायच्या वेळी. धंद्यात तुमचा खरा वाटा हवा असेल, आणि असायलाच हवा, तर आहे त्या फर्मची भागीदारी करून घ्या, ठरलेल्या हिश्शासह. ते कागद करायला सीएंना सांगा. त्या सहीला मी आनंदानं हो म्हणेन.

पार्टिशनमुळे तुमची वाढ होणार नाही हेही सांगायला हवं. दोन फर्म म्हणजे दोन जीएसटी, दोन ऑडिट, बँकेसमोर दोन अर्धवट उलाढाली. उद्या ऑटोमॅटिक लाइन घ्यायची म्हटली तर कुठल्या फर्मवर कर्ज काढणार? आणि दोन्हीकडे १९ भरले की तिसरं पार्टिशन कुणाच्या नावानं? छोटा उद्योग म्हणून मिळणाऱ्या सवलती जातील ही भीती असेल, तर १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटींची गुंतवणूक आणि दहा कोटींची उलाढाल आहे. त्यात माणसांचा आकडा मोजतच नाहीत.

सासऱ्यांशी वाद घालू नका. त्यांची भीती अनुभवातून आलीय, आणि तिच्यात तथ्यही आहे. दहा माणसांच्या रेषेचं काय होतं हे अमृत अमिरापू आणि मायकेल गेक्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ च्या आर्थिक गणनेवरून तपासलं. ज्या संख्येनं दहाच्या वरचे उद्योग असायला हवेत तितके नाहीतच, आणि ती रेषा ओलांडणं म्हणजे माणशी मजुरीचा खर्च सुमारे ३५ टक्क्यांनी वाढल्यासारखं आहे, असं त्यांना दिसलं. हा भार जिथे भ्रष्टाचार जास्त तिथे जास्त होता. चांग-ताय शे आणि पीटर क्लेनाव या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की अमेरिकेत ४० वर्षं टिकलेल्या कारखान्यात नव्या कारखान्याच्या सातपटीहून जास्त माणसं असतात, भारतात आणि मेक्सिकोत तो तितक्याच वर्षांत साधारण दुप्पटच होतो. शेजारी श्रीलंकेत १९७१ च्या कायद्यानं माणूस कमी करायला परवानगी लागते, ती पंधरा माणसांपासून. आकड्यावर अडलेले धंदे जगभर आहेत.

पण कायदा हेच एकमेव कारण, असं म्हणायला मी तयार नाही. बेस्ली आणि बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मांडलं की ज्या राज्यांनी कायदे कामगारांच्या बाजूनं वळवले तिथे नोंदणीकृत कारखानदारी मागे पडली. त्यांनी राज्यांची वर्गवारी कशी केली यावर आदित्य भट्टाचार्जी यांनी गंभीर आक्षेप घेतले, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. तुमच्याच पत्रात बघा ना: ९० दिवसांची उधारी आहे, एका मोठ्या गिऱ्हाइकावर अवलंबून राहणं आहे, हिशेबाला दुसरा माणूस नाही. यातलं काहीही श्रमकायद्यानं आणलेलं नाही.

सरकारनं काय करायला हवं हेही इथे सांगते, कारण हे सदर तिकडेही वाचलं जावं अशी माझी इच्छा आहे. वीसाव्या माणसाला सगळ्याच्या सगळ्या माणसांचा पीएफ एका दिवसात लागू होतो, हा कडेलोट आहे. तिथे उतार हवा. पहिल्या वर्षी थोडा, मग थोडा, असा भार चढत गेला तर निम्मी पार्टिशनं पडतील. मात्र उतार हवा म्हणजे सुरक्षितता आणि विमाही हळूहळू, असा अर्थ कुणी काढू नये. मशीन पहिल्या दिवसापासूनच धोक्याचं असतं.

आणि हुकुमचंद मिल. इंदूरची ही कापडगिरणी डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. मोठा कारखाना सरकारच्या परवानगीशिवाय बंद करता येणार नाही, हा नियम १९७६ पासून पुस्तकात होता. आधी ३०० कामगारांवर, पुढच्या दुरुस्तीनं १०० वर. आता नव्या संहितेत तो पुन्हा ३०० वर गेलाय. नियम असूनही मिल बंद पडली, आणि कामगारांचे पैसे लिक्विडेशनमध्ये, म्हणजे कंपनी मोडीत काढायच्या प्रक्रियेत, अडकले. सुमारे २२४ कोटींची देणी मार्गी लागली ती २५ डिसेंबर २०२३ ला, ३२ वर्षांनी. तोवर कित्येक जण गेले होते. सासऱ्यांनी यातून धडा घेतला, की कायदा माणसाच्या कामी येत नाही. मला त्यातून वेगळं दिसतं. जी रक्कम मालकाच्या हिशेबात «देणं» म्हणून पडून राहिली, ती बुडाली किंवा लटकली. जी दर महिन्याला कामगाराच्या स्वतःच्या खात्यात जाते, ती मिल बंद पडली तरी त्याची असते. तुमच्या १९ जणांची ग्रॅच्युइटी आज कुठे आहे? तुमच्या मनात असेल, देऊ म्हणून. त्या मिलच्या कामगारांना असंच सांगितलं गेलं असेल. एखाद्या संध्याकाळी सासऱ्यांना हे विचारा, सल्ला म्हणून. मला वाटतं, तुमच्या घरात हा प्रश्न त्यांच्याइतका कुणालाच कळणार नाही.

आता पैसे. १४,००० पगारावर मालकाचा पीएफ हिस्सा १२ टक्के, वर प्रशासन आणि विम्याचा एक टक्का, मिळून १,८२० रुपये. ईएसआय ४५५. ग्रॅच्युइटीसाठी महिन्याला बाजूला काढायचे साधारण ६७३. बोनस किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाला एक पगार. तो तुम्ही दिवाळीला देत असणार असं धरते, म्हणून नव्या सहा जणांपुरताच मोजते. २९ माणसांचा पीएफ ५२,७८०, ईएसआय १३,१९५, ग्रॅच्युइटी सुमारे १९,५००, सहा जणांचा बोनस सुमारे ७,०००. एकूण साडेब्याण्णव हजारांच्या आसपास. पावणेदोन लाखांतून हे गेले तर साडेब्याऐंशी हजार उरतात. लक्षात घ्या, यात जुन्या २३ माणसांचा सगळा भारही या एका ऑर्डरवर टाकलाय. तरी ती पाण्यात जात नाही.

मागचं मात्र दुखेल. न भरलेल्या महिन्यांचा कामगाराचा हिस्सा आता त्याच्या पगारातून कापता येत नाही, तो मालकानंच भरायचा असतो. म्हणजे माणशी १,८२० अधिक १,६८०, बरोब्बर ३,५००. २३ माणसांचे महिन्याला ८०,५००, आठ महिन्यांचे ६,४४,०००, वर व्याज आणि दंड. ईएसआयची मागची बाकी निघेल ती वेगळी. वाचून पोटात गोळा येईल, पण आणखी एक गोष्ट बघा: वेळेवर भरला तर याच २३ माणसांचा तुमचा हिस्सा महिन्याला ४१,८६० आहे. थांबलेला प्रत्येक महिना जवळजवळ दुप्पट महाग पडतोय. स्वतःहून नोंदणी करून खरी तारीख सांगितली, तर अधिकाऱ्यासमोर तुमची बाजू तपासणीत सापडण्यापेक्षा कितीतरी बरी असते. इन्स्पेक्टरची भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण ती असणार. जो पैसे मागायला येतो त्याला नेमकी ती पेन्सिलीची पानंच हवी असतात. चलनं आणि मस्टर जुळत असेल तर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

थोडी मदतही आहे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात तयार होणाऱ्या नोकऱ्यांसाठी केंद्राची विकसित भारत रोजगार योजना आहे. पन्नासपेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी किमान दोन नवी माणसं घेऊन ती सहा महिने टिकवली, तर दहा ते वीस हजार पगाराच्या प्रत्येक वाढीव माणसामागे मालकाला महिन्याला २,००० मिळतात, कारखान्यांना चार वर्षं. पीएफची नोंदणी ही पहिली अट. नव्यानं पीएफखाली येणाऱ्या युनिटची मूळ संख्या कितीपासून धरतात हे सल्लागाराला नक्की विचारा, तुमचे सहा त्यात पूर्ण बसतीलच असं गृहीत धरून दर लावू नका. पेस्टिंग-स्टिचिंग शिकायला आलेल्या एखाद-दुसऱ्या मुलाला रीतसर अप्रेंटिस म्हणून घेता येतं, स्टायपेंडचा २५ टक्के, महिना १,५०० पर्यंत, वाटा सरकार उचलतं. पण खरंच शिकवणार असाल तरच.

कामगारांचं «नको» मला कळतं. हातात येणाऱ्या १४,००० मधून १,६८० आणि १०५ गेले, तर महिन्याचं भाडं अडतं. खरगोन-बडवानीहून आलेला मुलगा विचारणारच, दोन वर्षांनी मी गावी गेलो तर हे पैसे कुणाचे? त्याला उत्तर द्या, हुकूम नको. खातं त्याच्या यूएएन या पीएफच्या कायम नंबरवर असतं, नोकरी बदलली तरी तेच चालतं. २०२४-२५ साठी व्याज ८.२५ टक्के होतं. त्याच्या हिश्शाच्या जोडीला तुमचाही हिस्सा असतो, आणि नोकरीत असताना मृत्यू झाला तर घरच्यांना सात लाखांपर्यंत विमा मिळतो. पेन्शनबद्दल खरं सांगा: त्यासाठी दहा वर्षांची नोकरी लागते, त्याआधी सोडलं तर ती रक्कम काढून घेता येते. जमलं तर या वर्षीची पगारवाढ कपात सुरू होईल त्याच महिन्यात द्या, म्हणजे हातात येणारा आकडा एकदम खाली जाणार नाही. आणि यूएएन चालू करून मोबाईलवर पासबुक दिसेपर्यंत कुणीतरी शेजारी बसायला हवं. कपातीवरचा राग बऱ्याचदा तो आकडा कधीच न दिसल्याचा असतो.

माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट पीएफ नाही, ९० दिवस आहेत. पीएफ आणि ईएसआय पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला भरायचे असतात, पगार त्याआधी, कागदवाल्याला पैसे त्याहूनही आधी. कंपनी तीन महिन्यांनी देणार. नफ्यातलं युनिट असंच आटतं, आणि मग पहिलं काय थकतं? पीएफ. म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर आधी ती करा. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करारातही ४५ दिवसांपलीकडची मुदत कायद्यानं चालत नाही, हे २००६ पासून आहे. उशिरावर बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चढणारं व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला त्या वर्षी तो खर्च करातून वजाही करता येत नाही, त्यामुळे त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना हा विषय माहीत असतो. त्यांची उलाढाल २५० कोटींवर असेल तर बिलं वटवून देणाऱ्या ट्रेड्स व्यवस्थेवर त्यांना नोंदणी सक्तीची आहे. «तुमचं बिल ट्रेड्सवर मान्य कराल का?» एवढं विचारा, पैसे काही दिवसांत हातात येऊ शकतात.

दराची बोलणी यजमान एकटे करत असतील तर या वेळी तुम्ही बरोबर जा. चलनं त्यांनाच हवी आहेत. मग खोक्यामागे मजुरीचा खरा खर्च धरून दर मांडा: पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, बोनस मिळून पगाराच्या २९-३० टक्के. चोख कागद असलेला पुरवठादार त्यांनाही सहज मिळत नाही, हे मनात ठेवून बोला. दर मिळाला आणि मुदत ४५ दिवसांवर आली, तर घ्या. नुसता दर मिळाला आणि ९० दिवस कायम राहिले, तर निम्म्या मालापुरतं घ्या आणि बँकेची सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलाची कर्जमर्यादा, वाढवून मिळेपर्यंत थांबा. दोन्ही नाही मिळालं तर सोडा. पण तेव्हा सोडायचं कारण त्यांचा दर असेल, तुमचा आकडा नाही. आणि सोडलीत तरी ईएसआय, पीएफ आणि त्या चौघांची नावं हे काम राहतंच.

तुमच्यासारख्या इतरांसाठी दोन शब्द. ज्यांच्याकडे आज सात-आठ माणसं आहेत, त्यांनी दरपत्रक आत्ताच पूर्ण मजुरी खर्च धरून करावं. तुटपुंज्या दरावर मिळवलेलं गिऱ्हाईक दहाव्या आणि वीसाव्या माणसाच्या वेळी दर वाढवून देत नाही, आणि पार्टिशनची कल्पना तिथेच सुचते. ज्यांनी आधीच दोन फर्म काढल्यात, त्यांनी त्या एक करण्याचा विचार नोटीस येण्याआधी करावा.

सल्लागाराबद्दल शेवटचं. कर बघणारे सीए आणि श्रमकायदा बघणारा माणूस वेगळे असू शकतात, सीएंना वाईट न वाटू देता तसं सांगा. श्रमायुक्तांचं कार्यालय आपल्याच शहरात आहे, पीएफचंही विभागीय कार्यालय इथे आहे. नवीन सल्लागाराला पहिल्याच भेटीत तीन गोष्टी लेखी मागा: तुम्हाला कोणता कायदा कोणत्या तारखेपासून लागू आहे, मागची बाकी किती आणि ती हप्त्यांत भरायला मिळेल का, आणि त्याची फी. जो «बघून घेऊ, तिथे आपली ओळख आहे» म्हणेल, त्याचा चहा प्या आणि दुसरा शोधा. भेटीला जाताना दोन्ही प्रकारच्या हजेऱ्या बरोबर न्या, काही न खोडता.